लोखंडी पेटीचे मुके काम

तुमच्या शाळेच्या आवारात पाण्याचा पंप असेल. त्या पंपापर्यंत वीज कशी जाते, हे कधी निरखून पाहिले आहे का? मुख्य स्विचबोर्डापासून एक जाड काळी केबल निघते. ती जमिनीखालून जाते, पंपाच्या खोलीजवळ वर येते आणि भिंतीवरच्या एका पेटीत शिरते. त्या पेटीतून दुसरी केबल निघून पंपाकडे जाते.

समजा, कोकणातल्या एका शाळेत ही पेटी लोखंडी पत्र्याची होती. खारी हवा आणि पाऊस यांनी ती गंजली, तळाला भोके पडली. म्हणून ती काढून तिच्या जागी प्लॅस्टिकची छान करडी पेटी बसवली. आतल्या तारा होत्या तशाच पुन्हा जोडल्या. बटण दाबले, पंप सुरू झाला, टाकी भरली. काम झाले म्हणून सगळे घरी गेले.

परंतु त्या दिवसापासून तो पंप आधीपेक्षा जास्त धोकादायक झाला होता! प्लॅस्टिकमधून तर वीज वाहत नाही. मग प्लॅस्टिकची पेटी लोखंडी पेटीपेक्षा सुरक्षित असायला हवी. असे असताना धोका वाढला कसा? या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी त्या काळ्या केबलच्या पोटात डोकावू या.

केबलच्या पोटात

ही केबल कांद्यासारखी थराथरांची असते. अगदी आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या तारा असतात. प्रत्येक तारेवर निरोधक प्लॅस्टिकचे वेगवेगळ्या रंगांचे आवरण असते. या सगळ्या तारांवर मिळून आणखी एक आवरण असते, त्याला आतले कवच म्हणू. त्याच्यावर पोलादी तारा किंवा पट्ट्या एकमेकींना खेटून पिळाने गुंडाळलेल्या असतात. त्यांना गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. आणि सर्वांत बाहेर पीव्हीसीचे काळे कवच असते.

त्या पोलादी थरामुळेच या केबलला वायरमन आर्मर्ड केबल म्हणतात. आर्मर म्हणजे चिलखत. आपण तिला चिलखती केबल म्हणू.

चिलखत घालण्याची कल्पना बरीच जुनी आहे आणि ती समुद्रातून आलेली आहे. १८५० साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकली गेली. तांब्याची एक तार आणि तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाचे आवरण, एवढीच ती केबल होती. ती जेमतेम काही तास चालून मुकी झाली. पुढच्याच वर्षी, १८५१ साली, दुसरी केबल टाकली. या वेळी आतल्या चार तारांभोवती जस्त चढवलेल्या जाड लोखंडी तारांचे वेष्टन होते. ही केबल टिकली आणि अनेक वर्षे संदेश वाहत राहिली.

समुद्राच्या तळाशी खडक आणि नांगर यांचे जे भय, तेच जमिनीत कुदळ, पहार आणि उंदीर यांचे. म्हणून जमिनीखालून वीज न्यायची तर चिलखती केबल वापरतात.

चिलखताचे दुसरे काम

पण चिलखताचे काम केवळ मार झेलण्याचे नाही. पोलाद हा धातू आहे आणि त्यातून वीज वाहते. तांब्याच्या मानाने त्याचा रोध सुमारे आठ पट असतो हे खरे. परंतु चिलखतात पुष्कळ तारा असतात आणि त्या सगळ्या मिळून एक चांगली रुंद वाट तयार होते. पुष्कळ ठिकाणी याच वाटेचा उपयोग अर्थिंगसाठी, म्हणजे भूसंपर्कासाठी, करतात.

अर्थिंगची तार नेमके काय करते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कोणी माणूस खड्डा खणत आहे. त्याच्या पहारेचा घाव नेमका केबलवर बसला. पहार बाहेरचे कवच फोडून, चिलखत चिरून आतल्या फेजच्या तारेला भिडली. आता फेजची तार, पहार आणि चिलखत ही तिन्ही एकमेकांना चिकटली आहेत.

चिलखत अर्थिंगला नीट जोडलेले असेल, तर विजेला चिलखतातून मुख्य बोर्डाकडे आणि तिथून रोहित्राकडे परत जायला धातूची सलग वाट मिळते. या सबंध फेरीचा रोध १ ओम आहे असे धरू. दाब २३० व्होल्ट आहे. ओमच्या नियमाने

प्रवाह = २३० ÷ १ = २३० अँपिअर

बोर्डावर १६ अँपिअरचा एम.सी.बी. असेल, तर हा प्रवाह त्याच्या चौदा पटींहून जास्त झाला. घरगुती वायरिंगमध्ये आणि लहान पंपांसाठी जे एम.सी.बी. वापरतात, त्यांना एवढा प्रवाह मुळीच सहन होत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ते खटकन पडतात. जुन्या पद्धतीची वितळतार असेल तर ती वितळते. वीज बंद होते. पहार धरणारा माणूस दचकतो, पण वाचतो.

आता चिलखत कशालाच जोडलेले नाही असे समजा. पहार फेजला भिडली, परंतु परत जायला वाट नाही. मग प्रवाह वाहतच नाही. एम.सी.बी. स्वस्थ बसून राहतो, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही! मात्र पहारेवर आणि लांबच लांब चिलखतावर २३० व्होल्टचा दाब तसाच उभा आहे. परत जाण्याच्या वाटेची वीज वाट पाहत असते. ती वाट कोणती? पहार धरून ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस.

त्याच्या शरीराचा रोध १५०० ओम धरला, तर त्याच्यातून सुमारे ०.१५ अँपिअर, म्हणजे १५० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच माणसाचे स्नायू असे आखडतात, की हातात धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. १५० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण शरीरातून वाहिला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. इकडे १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला मात्र ०.१५ अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो पडणार नाही.

पेटी बदलली आणि वाट तुटली

आता आपल्या कोड्याकडे परत येऊ. जुन्या लोखंडी पेटीत बोर्डाकडून येणारी केबल एका बाजूने शिरत होती आणि पंपाकडे जाणारी केबल दुसऱ्या बाजूने निघत होती. दोन्ही केबलींची चिलखते पेटीच्या पत्र्यावर धातूच्या नटांनी घट्ट आवळलेली होती. म्हणजे पहिल्या केबलचे चिलखत, मग पत्रा, मग दुसऱ्या केबलचे चिलखत आणि शेवटी पंपाचे लोखंडी अंग, अशी ती सलग साखळी होती. साखळीतली मधली कडी होती ती गंजकी पेटी. तिच्यात वेगळी अर्थिंगची तार कोणी जोडली नव्हती. ते काम पेटी स्वतःच मुकाट्याने करत होती.

पेटी प्लॅस्टिकची झाली आणि कडी निखळली. फेज आणि न्यूट्रल तर जोडलेलेच आहेत, म्हणून पंप पूर्वीसारखाच चालतो. पंप चालण्यासाठी अर्थिंग लागतच नाही. ते लागते बिघाड झाल्यावर. म्हणूनच ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा लागला नाही तर आपण लगेच वायरमनला बोलावतो. अर्थिंग तुटली तर मात्र काहीच बंद पडत नाही. उद्या पंपाच्या मोटारीतले वेटोळे जळून तिच्या लोखंडी अंगाला चिकटले, तर ते अंग आणि दुसऱ्या केबलचे चिलखत यांच्यावर वीज येईल आणि ती कळायला कोणाचा तरी हात लागावा लागेल.

करून पाहा

ही गोष्ट तुम्हांला घरच्या घरी, टॉर्चच्या सेलवर पडताळून पाहता येईल. घरातल्या विजेला मात्र हात लावायचा नाही.

एक पत्र्याच्या डब्याचे झाकण आणि एक प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण घ्या. प्रत्येकाला दोन भोके पाडून त्यांत एकेक लोखंडी बोल्ट नटाने घट्ट बसवा. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरचे तुकडे घेऊन मंडल असे जोडा, की प्रवाहाला एका बोल्टातून दुसऱ्या बोल्टापर्यंत जावे लागेल.

पत्र्याच्या झाकणावर बल्ब लागेल. लागला नाही, तर बोल्टाभोवतीचा रंग सँडपेपरने खरवडा, मग लागेल. रंगसुद्धा निरोधक असतो, हे यातून कळते. प्लॅस्टिकच्या झाकणावर बोल्ट कितीही आवळले तरी बल्ब लागणार नाही. आता एका वायरच्या तुकड्याने दोन्ही बोल्ट एकमेकांना जोडा. बल्ब लागला! वायरमनने प्लॅस्टिकच्या पेटीत जे करायला हवे, ते हेच.

ग्लँड म्हणजे काय?

केबल पेटीत जिथे शिरते तिथे पितळेचा एक जाडसर जोड दिसतो. त्याला ग्लँड म्हणतात. त्याची तीन कामे असतात. केबल ओढली गेली तरी आतल्या तारांच्या जोडांवर ताण येऊ न देणे, हे पहिले. चिलखताशी पक्का विद्युत संपर्क करणे, हे दुसरे. आणि पाणी व धूळ आत जाऊ न देणे, हे तिसरे.

ग्लँड बसवण्यापूर्वी वायरमन वीज बंद करतो आणि ती खरोखर बंद आहे याची खात्री करून घेतो. मग केबलचे बाहेरचे कवच ठरावीक लांबीपर्यंत सोलतो. चिलखताच्या तारा हॅकसॉने अर्धवट कापून, पुढेमागे वाकवून मोडतो. अर्धवट कापायचे कारण असे, की करवत खोल गेली तर आतल्या कवचाला जखम होईल. उरलेल्या आखूड तारा छत्रीच्या काड्यांसारख्या पसरून ग्लँडच्या शंकूच्या आकाराच्या भागावर बसवतो. वरून कडे चढवून नट आवळला, की त्या शंकू आणि कडे यांच्यामध्ये पकडल्या जातात. उघड्यावरच्या कामासाठी दुहेरी आवळणीचा ग्लँड घेतात. त्यात एक आवळण चिलखत पकडते आणि दुसरी रबरी कडे दाबून बाहेरच्या कवचाभोवती पाण्याची वाट बंद करते.

ग्लँडचे आटे असलेले टोक पेटीच्या भोकातून आत जाते आणि आतून चेकनट लावून आवळले जाते. पेटी पत्र्याची असेल आणि भोकाभोवतीचा रंग खरवडलेला असेल, तर तिन्ही कामे साधतात. पेटी प्लॅस्टिकची असेल तर पहिले आणि तिसरे काम होते, पण दुसरे अर्ध्यावर राहते. चिलखताची वीज ग्लँडपर्यंत येते आणि तिथेच थांबते.

तुटलेली वाट जोडताना

यासाठी ग्लँडवर एक पितळी कडी चढवतात. तिला एका बाजूला कान असतो आणि कानाला भोक असते. तिला अर्थिंग टॅग म्हणतात. कानाच्या भोकात बोल्ट घालून, त्याला लग लावलेली हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर जोडतात. पेटीत जितक्या चिलखती केबली असतील, तितके ग्लँड आणि तितके टॅग. त्या सर्वांच्या वायरी पेटीतल्या एका पितळी पट्टीवर आणून जोडल्या, की साखळी पुन्हा अखंड होते. बिघाडाच्या वेळचे शेकडो अँपिअर या वायरीतून क्षणभर जाणार असतात, म्हणून ती केसासारखी बारीक असून चालत नाही.

येथे एक बारकावा आहे आणि तो पदार्थविज्ञानाचा आहे. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी तुम्ही कितीही ताणून बांधली, तरी काही आठवड्यांनी तिला झोळ पडतो. सतत ताण किंवा दाब राहिला, तर प्लॅस्टिक अगदी सावकाश आपला आकार बदलत जाते. उन्हाने तापले तर हे आणखी जलद होते.

आता कल्पना करा, टॅग पेटीच्या आतल्या बाजूला ठेवून वर एकच चेकनट आवळला आहे. म्हणजे बाहेर ग्लँडचा खांदा, मग प्लॅस्टिकची भिंत, मग टॅग आणि शेवटी नट. आज सगळे घट्ट आहे. पण दोन उन्हाळ्यांनी मधले प्लॅस्टिक थोडे दबले, की नट सैल पडेल आणि टॅगवरचा दाब कमी होईल. सैल जोडाचा रोध वाढतो. अशा जोडातून शेकडो अँपिअर जाऊ लागले तर तिथे ठिणग्या उडतील आणि प्लॅस्टिक वितळेल.

म्हणून चांगला वायरमन दोन चेकनट वापरतो. पहिला प्लॅस्टिकवर आवळतो. त्यावर टॅग ठेवतो आणि त्यावर दुसरा चेकनट आवळतो. आता टॅग दोन पितळी नटांच्या चिमटीत आहे. प्लॅस्टिक दबले तरी ही चिमटी सुटत नाही. काही जण टॅगऐवजी वायर अडकवायला स्क्रू असलेला जाड पितळी नट लावतात. काही पेट्यांमध्ये केबल शिरते त्या बाजूला धातूचीच पट्टी बसवून तिला अर्थिंग देतात. पद्धत कोणतीही असो, तत्त्व एकच. वीज जिथून जायची तिथे धातूवर धातू दाबलेला असावा आणि तो दाब प्लॅस्टिकच्या भरवशावर नसावा.

तीन गैरसमज

केबल तर जमिनीतच पुरलेली आहे, मग तिचे चिलखत आपोआप भूसंपर्कित नाही का? नाही. चिलखत आणि माती यांच्यामध्ये पीव्हीसीचे काळे कवच आहे आणि ते निरोधक आहे. जमिनीत शंभर मीटर पुरलेली केबलही मातीपासून अलग असते.

पंपाजवळ जमिनीत एक लोखंडी सळई ठोकून तिला चिलखत जोडले तर? मातीचा रोध धातूपेक्षा फार मोठा असतो. तो ५० ओम धरला, तर बिघाडाच्या वेळी प्रवाह २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर एवढाच होईल. १६ अँपिअरचा एम.सी.बी. त्याने पडणार नाही आणि चिलखतावर वीज तशीच राहील. कोळसा आणि मीठ घालून, उन्हाळ्यात पाणी ओतून अर्थिंगचा खड्डा सांभाळतात, तो हा रोध कमी व्हावा म्हणूनच. परंतु धातूच्या सलग वाटेची बरोबरी माती करू शकत नाही.

आर.सी.सी.बी. बसवला की अर्थिंगची गरज उरत नाही का? हा स्विच फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो वीज तोडतो. तो फार उपयोगी आहे आणि असायलाच हवा. पण फरक पडण्यासाठी गळणाऱ्या विजेला कुठली तरी वाट हवी. चिलखत जोडलेले असेल तर बिघाड होताक्षणीच तो पडतो. जोडलेले नसेल तर कोणी हात लावीपर्यंत तो थांबून राहतो. म्हणजे त्याची परीक्षा माणसाच्या अंगावर होते!

पाहा, पण हात लावू नका

प्लॅस्टिकची पेटी वाईट असे मात्र समजू नका. ती गंजत नाही, हलकी असते आणि तिच्या अंगावर वीज येऊ शकत नाही. समुद्रकाठच्या गावांत ती फार सोयीची आहे. फक्त जुनी पेटी जे काम न सांगता करत होती, ते आता आपल्याला सांगून, मोजून करावे लागते. पेटी बसवल्यावर वायरमनने मीटर लावून प्रत्येक ग्लँड आणि मुख्य अर्थिंग यांच्यामधला रोध मोजला पाहिजे. तो अगदी कमी, ओमच्या अंशात भरला तरच काम पुरे झाले. पंप चालला ही त्याची खूण नव्हे.

तुम्ही काय करू शकता? आवारात नव्या प्लॅस्टिकच्या पेटीत शिरणारी जाड काळी केबल दिसली, तर लांबूनच तिचे निरीक्षण करा. पेटी उघडू नका, ग्लँडला हात लावू नका. आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एवढेच विचारा, “सर, या केबलचे चिलखत अर्थिंगला जोडले आहे का, आणि ते मोजून पाहिले आहे का?” शाळेने परवानाधारक वायरमनला बोलावून हे तपासले, तर तासाभराच्या कामाने एखाद्याचा जीव वाचू शकेल.

विचार करा
१. पक्षी विजेच्या एकाच तारेवर बसला तर त्याला झटका बसत नाही. जोडलेले नसलेले चिलखत बिघाडानंतरही शांत राहते, त्याच्याशी याचे काय साम्य आहे?
२. आपल्या उदाहरणात सबंध फेरीचा रोध १ ओमऐवजी २० ओम असता, तर १६ अँपिअरचा एम.सी.बी. पडला असता का?
३. पत्र्याच्या पेटीवर रंगाचा जाड थर असेल आणि तो न खरवडता ग्लँड बसवला, तर पेटी कोणासारखी वागेल?